फादर थॉमस स्टीफन्स : पवित्र शास्त्राला ओवीचे रूप देणारे धर्मगुरू

भिवंडीजवळच्या नारपोलीत यंत्रमागांचा आवाज अखंड चालू असतो. त्या आवाजात मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू अशा अनेक भाषा मिसळलेल्या असतात. पोटापाण्यासाठी दूरवरून आलेली माणसे दिवसभर कामाची भाषा बोलतात आणि रात्री घरी परतल्यावर आपल्या मातृभाषेत प्रार्थना करतात. अशा वस्तीत वावरताना एक प्रश्न मनात येतो. देवाचे वचन माणसाला कोणत्या भाषेत ऐकवावे? ते केवळ समजेल अशा भाषेत, की ते त्याच्या अंतःकरणात उतरेल अशा भाषेत?

हा प्रश्न नवा नाही. सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी कोकणच्या भूमीवर एका परदेशी धर्मगुरूंना तो पडला होता. त्यांनी दिलेले उत्तर मराठी भाषेच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. ते धर्मगुरू म्हणजे 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. मराठीची थोरवी गाणारे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतही त्यांचा उल्लेख होतो. परंतु पवित्र शास्त्राचे भाषांतरकार आणि भाष्यकार म्हणून त्यांनी काय साधले व त्यासाठी त्यांना कोणत्या अडचणींतून जावे लागले, याची माहिती फार थोड्यांना असते. त्या दृष्टीने त्यांच्या जीवनाकडे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

इंग्लंडमधून रोमला

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. थॉमस यांचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कसोटीचा होता. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक उपासनेवर बंदी होती आणि धर्मगुरूंना आश्रय देणाऱ्यांनाही शिक्षा भोगावी लागत असे. तरुण थॉमस यांची मैत्री थॉमस पाउंड या श्रद्धावंत गृहस्थाशी जुळली. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे आणि येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. निघण्यापूर्वीच पाउंड यांना अटक झाली व त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये येशूसंघाच्या नवदीक्षितांच्या आश्रमात दाखल झाले.

रोममध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याने भारून जाऊन अनेक तरुण त्या काळी पूर्वेकडे जाण्याची परवानगी मागत असत. स्टीफन्स यांनाही ती मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. आफ्रिकेला वळसा घालून, वारा, आजारपण आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देत ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले. या प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र त्यांनी पुढच्याच महिन्यात आपल्या वडिलांना लिहिले. पुढे रिचर्ड हॅक्लूट यांनी आपल्या प्रवासवृत्तांच्या प्रसिद्ध संग्रहात त्याचा समावेश केला. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यास तेव्हा एकवीस वर्षांचा अवकाश होता. भारतात येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचा उल्लेख करतात.

सासष्टीची भूमी आणि कुंकळ्ळीची विहीर

गुरुदीक्षेनंतर फादर स्टीफन्स यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेकडील सासष्टी प्रांतात झाली आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे प्रामुख्याने तेथेच गेली. सासष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात सन १५४३ मध्ये आली होती. तेथील देवळे पाडण्यात आली होती, जुन्या ग्रंथांवर बंदी आली होती आणि सन १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. ज्या राज्यसत्तेच्या छत्राखाली धर्मप्रसार चालू होता तिच्याविषयी लोकांच्या मनात भीती आणि रोष होता. हे सत्य आज आपण झाकून ठेवू नये.

या रोषाचा स्फोट १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे झाला. क्रूस उभारण्यासाठी व चर्चसाठी जागा पाहावयास गेलेले फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले. त्यांच्याबरोबर असलेल्या काही ख्रिस्ती जनांनाही प्राण गमवावे लागले. फादर रुडॉल्फ हे नुकतेच अकबर बादशहाच्या फत्तेपूर सिक्री येथील दरबारातून परतले होते. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते परत मिळवून त्यांचे ख्रिस्ती विधीने दफन करण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेतले आणि कोणतीही रीतसर चौकशी न करता त्यांना ठार केले.

चौतीस वर्षांच्या धर्मगुरूने हे सर्व जवळून पाहिले. त्यांच्या मनात काय आले ते आपण सांगू शकत नाही. परंतु त्यानंतर त्यांनी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. ते लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदविले. या देशातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांना आढळले होते. सर विल्यम जोन्स यांनी सन १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी आपला प्रसिद्ध विचार मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

याच सुमारास राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी पोर्तुगिजांच्या कैदेत गोव्याला आणले गेले. धर्ममताने ते आपल्याहून वेगळे असूनही आपल्या देशबांधवांच्या सुटकेसाठी फादर स्टीफन्स यांनी मदत केली. या परोपकाराची नोंद इतिहासात राहिली आहे.

एका श्रोत्याचा प्रश्न

सासष्टीतील नवख्रिस्ती लोक दर रविवारी धर्मशिक्षणासाठी जमत. प्रार्थना आणि श्रद्धेची तत्त्वे ते पाठ करीत. परंतु एक पोकळी जाणवत होती. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी रामायण, महाभारत आणि पुराणे ऐकली होती. सायंकाळी मंडळी जमावी, एकाने ओव्या म्हणाव्या, मध्येच थांबून अर्थ उलगडून सांगावा आणि बाकीच्यांनी शंका विचाराव्या, असा त्यांचा ग्रंथश्रवणाचा संस्कार होता. जुनी पुराणे हिरावली गेली. त्यांच्या जागी काय आले? फक्त प्रश्नोत्तरांचे छोटे पुस्तक.

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी हाच प्रसंग रंगविलेला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक जाणता श्रोता पाद्रीगुरूंना नम्रपणे सुचवितो, की आमच्यासाठीही एखादे पुराण असावे. गुरू ती विनंती मान्य करतात आणि कथेला सुरुवात होते. ही केवळ काव्यातील युक्ती नव्हती. श्रोत्याची भूक ओळखून मगच ताट वाढावे, हे फादर स्टीफन्स यांच्या सर्व कार्यामागील सूत्र होते.

पवित्र शास्त्र लोकभाषेत आणणे ही तेव्हा सोपी बाब नव्हती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५ ते १५६३) संत जेरोम यांच्या परंपरेतील लॅटिन बायबलला अधिकृत ठरविले होते आणि लोकभाषांतील भाषांतरांवर चर्चचे कडक लक्ष होते. खुद्द इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिक पंडितांनी नवा करार इंग्रजीत आणला तो सन १५८२ मध्ये, फ्रान्समधील ऱ्हाँस येथे. त्यांचा जुना करार १६०९-१० मध्ये दुए येथे प्रसिद्ध झाला. त्यांनी लॅटिनच्या शब्दामागे शब्द ठेवण्याचा कसोशीने प्रयत्न केला. त्याच काळात त्यांचे देशबांधव फादर स्टीफन्स मात्र वेगळ्या वाटेने निघाले. त्यांनी बायबलचे शब्दशः भाषांतर केले नाही. त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या रूपाने सांगितली.

ओवीतील शास्त्र

'ख्रिस्तपुराणा'चे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' छत्तीस अवस्वरूंचे, म्हणजे अध्यायांचे, असून त्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. 'दुसरे पुराण' एकोणसाठ अवस्वरूंचे असून त्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांचे वर्णन आहे. दोन्ही मिळून ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार भरते. चार शुभवर्तमानांतील प्रसंग एका सलग कथेत गुंफलेले आहेत. जुना करार हा येणाऱ्या तारणाऱ्याची तयारी आहे, हे प्राचीन ख्रिस्तसभेच्या आचार्यांचे सूत्र धरून पहिले पुराण दुसऱ्याकडे वाटचाल करते. म्हणून हा ग्रंथ भाषांतर आहे तसेच भाष्यही आहे. संदेष्ट्यांचे शब्द कोठे पूर्ण झाले, एखाद्या घटनेचा अर्थ काय, हे कवी कथेच्या ओघातच सांगत जातो.

यासाठी त्यांनी निवडलेला छंद ओवीचा होता. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण मोकळा, अशी ही रचना संत ज्ञानेश्वरांपासून मराठी माणसाच्या कानात रुजलेली होती. फादर स्टीफन्स यांच्याच काळात पैठणला संत एकनाथ भागवताचा अर्थ ओवीतून सांगत होते. संस्कृतातील ज्ञान लोकांच्या बोलीत आणण्याचे जे कार्य नाथांनी केले, तसेच लॅटिनमधील ज्ञान मराठीत आणण्याचे कार्य कोकणात या परदेशी कवीने केले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

भाषेची निवड करतानाही त्यांनी सखोल विचार केला. सासष्टीच्या घराघरांत कोंकणी बोलली जात असे. परंतु पुराणे आणि काव्य यांची भाषा मराठी होती. म्हणून ग्रंथासाठी त्यांनी मराठी निवडली. प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धत स्पष्ट केली आहे. निव्वळ मराठी सामान्य जनांना पूर्णपणे उमगत नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून या भूमीतील बोलीचे सोपे शब्द मिसळल्याचे ते सांगतात. आपली विद्वत्ता दाखविण्याची संधी त्यांनी श्रोत्यांसाठी सोडून दिली. मराठीची त्यांनी केलेली स्तुती प्रसिद्धच आहे. रत्नांमध्ये हिरा, फुलांमध्ये मोगरी, सुगंधांमध्ये कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, असा तिचा आशय आहे.

शब्दांची निवड ही त्यांची खरी परीक्षा होती. प्रत्येक भाषांतरकारापुढे दोन मार्ग असतात. ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द घ्यावा, तर त्याला चिकटलेला जुना अर्थही सोबत येतो. परका शब्द तसाच ठेवावा, तर अर्थ निसटत नाही, परंतु तो मनालाही भिडत नाही. फादर स्टीफन्स यांनी दोन्ही मार्गांचा विवेकाने उपयोग केला. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे वापरला. पवित्र मरियेच्या कौमार्यासाठी कोंकणीतील अंकवार हा घरगुती शब्द घेतला. परंतु पवित्र आत्म्यासाठी त्यांनी स्पिरितू सांतू हेच नाव ठेवले. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावेही तशीच ठेवली. जेथे कथा सांगायची तेथे भाषा ऐकणाऱ्याची, आणि जेथे श्रद्धेच्या गाभ्याला हात लागतो तेथे ख्रिस्तसभेची, असा हा तोल होता. तो सर्व ठिकाणी साधला की नाही याविषयी अभ्यासकांत मतभेद असतील. परंतु असा तोल सांभाळावा लागतो, याची जाणीव मराठीत शास्त्र आणणाऱ्यांपैकी त्यांना प्रथम झाली, हे निश्चित.

अपूर्ण राहिलेली इच्छा

या ग्रंथाच्या वाटेत एक मोठी उणीव राहिली. गोव्यात मुद्रणयंत्र सन १५५६ मध्येच आले होते. परंतु तेथे नागरी अक्षरांचे खिळे नव्हते. लोकांची भाषा लोकांच्याच लिपीत छापली जावी, अशी फादर स्टीफन्स यांची तळमळ होती. सन १६०८ मध्ये त्यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिवा यांना पत्र लिहून त्यासाठी विनंती केली. हे क्लॉडिओ म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रुडॉल्फ यांचे काका. जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे लागतील, पण त्यांची संख्या बरीच कमी करता येईल, असा व्यवहारी हिशेबही त्यांनी मांडला होता. ती इच्छा पूर्ण झाली नाही. सन १६१६ मध्ये राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' प्रथम छापले गेले ते रोमन लिपीत. ज्यांच्यासाठी ते लिहिले होते, त्यांच्यातील जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना आपल्याच भाषेतील ग्रंथ परक्या अक्षरांत पाहावा लागला.

तीन वर्षांनी, सन १६१९ मध्ये, सुमारे सत्तर वर्षांचे असताना फादर स्टीफन्स गोव्यातच प्रभूघरी गेले. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. त्यांनी कोंकणीत तयार केलेले ख्रिस्ती सिद्धांताचे पुस्तक सन १६२२ मध्ये आणि कोंकणी भाषेचे व्याकरण सन १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. व्याकरणाच्या हस्तलिखितात फादर दिओगो रिबेरो यांनी भर घातली होती. भारतीय भाषांच्या आद्य छापील व्याकरणांत त्याची गणना होते. 'ख्रिस्तपुराणा'च्या आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाल्या. त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरून इतरही चालले. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्र्वा यांनी संत पेत्रावर पुराण रचले आणि उत्तर कोकणच्या मराठीत फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश यांनी सन १६५९ मध्ये प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण लिहिले.

भाषेवर आघात आणि लोकांची राखण

परंतु वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले. लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी, असे त्यात फर्माविले होते. ज्या भाषेवर एका धर्मगुरूने आयुष्य वेचले, त्याच भाषेवर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेने घाव घातला. 'ख्रिस्तपुराणा'च्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही. भाविकांनी तो हाताने उतरवून काढला. गोव्यातून स्थलांतर करून मंगळूर परिसरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या सामानासुमानाबरोबर हस्तलिखिते नेली. उपवासकाळात घरी आणि चर्चमध्ये त्या ओव्या गायिल्या जात. टिपू सुलतानाच्या काळात, सन १७८४ पासून, कानडा प्रांतातील ख्रिस्ती जनांना श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात याच ओव्यांनी धीर दिला, अशी त्या समाजात परंपरेने आठवण सांगितली जाते. अशाच हस्तलिखितांच्या आधारे सन १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली.

यानंतर एक आश्चर्यकारक गोष्ट घडली. १९२० च्या दशकात लंडन येथे विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरीतील हस्तलिखित प्रत असल्याचे डॉ. जस्टिन ॲबट यांनी निदर्शनास आणले. तिच्यात अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. म्हणजे जी लिपी छापखान्याने नाकारली होती, त्या लिपीत कोणा अज्ञात हाताने हा ग्रंथ उतरविला होता. पुढे सन १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणि सन १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी देवनागरी आवृत्त्या संपादित केल्या. सन १६०८ च्या पत्रातील विनंती साडेतीनशे वर्षांनी का होईना, मराठी माणसांनीच पूर्ण केली.

आजचा बोध

फादर स्टीफन्स यांच्यानंतर बायबल मराठीत आणण्याचे कार्य अनेकांनी केले. विल्यम कॅरे यांनी श्रीरामपूर येथून सन १८११ मध्ये नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. ते पूर्ण करून सन १९२२ मध्ये त्या कालवश झाल्या. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि सन २०२४ मध्ये त्यांनीही आपला निरोप घेतला. या सर्वांच्या पद्धती निराळ्या होत्या; पण ऐकणारा कोण आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला होता.

फादर स्टीफन्स यांच्या जीवनातून हाच बोध मिळतो. ते ज्या सत्तेच्या जहाजातून आले तिने लोकांकडून पुष्कळ काही हिरावून घेतले. त्यांनी स्वतः मात्र लोकांपासून शिकण्याचा मार्ग धरला. त्यांनी लोकांचा छंद, त्यांची उपमा, त्यांचा शंका विचारण्याचा अधिकार आणि त्यांची भाषा यांचा आदर केला. सत्तेचे फर्मान विरून गेले आणि ओवी टिकली, कारण ती लोकांनी आपली मानली होती.

नारपोलीच्या वस्तीत आज जो कोणी आपल्या शेजाऱ्याला देवाविषयी दोन शब्द सांगू इच्छितो, त्याच्यापुढेही तोच प्रश्न उभा आहे. शेजारी तेलुगू बोलणारा असेल, उत्तरेकडून आलेला असेल किंवा इथला मराठी असेल. त्याच्याशी बोलण्यापूर्वी त्याचे ऐकावे, त्याची भाषा शिकावी आणि त्याला ज्यात गोडी वाटते ते जाणून घ्यावे. इंग्लंडच्या एका खेड्यातून आलेल्या धर्मगुरूने हे चाळीस वर्षे केले. आपल्या घरात 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत असेल, तर येत्या उपवासकाळात एखादी सायंकाळ काढून तिच्यातील एक अवस्वरू कुटुंबाने मिळून मोठ्याने वाचावा. तो डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्यासाठीच लिहिला गेला आहे.